बिस्किटांची भिंत

मित्रांनो, तुम्ही दुकानातून बिस्किटांचा पुडा आणता, फोडता आणि खाऊन मोकळे होता. तो पुडा दुकानापर्यंत कुणाच्या पाठीवर बसून आला, हे तुम्ही कधी विचारलं नाही. मी काही त्याचा राग धरलेला नाही. तो बिस्किटं वाहणारा जुना लाकडी पॅलेट मी. वरून फळ्या, खालून तीन जाड पट्ट्या, आणि मधे ट्रॉलीचे दोन लोखंडी दात शिरतील एवढी पोकळी. दिसायला मी काहीच नाही. मोडक्या खाटेचा चुलतभाऊ म्हणा हवं तर.

माझं लाकूड एका सरळसोट झाडाचं. झाड पडलं, करवतीखाली गेलं, फळ्या झाल्या. मग मला खिळे ठोकले आणि आतली कीड मरावी म्हणून भट्टीत चांगलं शेकलं. शेकल्याची खूण म्हणून अंगावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. नव्या गणवेशातल्या पोरासारखा मी फुगून बसलो होतो.

मला विकत घेतलं एका छोट्या बेकरीनं. दोन खोल्या, एक भट्टी, बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक टेम्पो. बेकरीच्या मालकिणीला सगळे ताई म्हणत. तिचा नवरा आधी गवंडी होता. अर्ध्या गावाच्या भिंती त्यानं उभ्या केल्या, मग गुडघ्यानं दगा दिला, तेव्हापासून तो बेकरीत बिस्किटं खोक्यांत भरायचा. टेम्पो चालवायचा ताईचा धाकटा भाऊ. तो भट्टीच्या वरच्या खोलीत राहायचा. बहिणीचं घर हेच त्याचं घर, आणि तो टेम्पो हीच त्याची नोकरी. तो गवंड्याला भाऊजी म्हणायचा, आणि गवंडी त्याला साळेबुवा. दोघांची दिवसभर जुंपलेली असायची.

"साळेबुवा, गाडी चालवता की उडवता?"

"भाऊजी, तुमच्या गुडघ्यापेक्षा माझी गाडी बरी. निदान वळते तरी."

त्याला वेगाची खोड होती, हे खरंच आहे. गल्लीतली कोंबडीसुद्धा त्याच्या टेम्पोचा आवाज ओळखायची. ही खोड पुढे त्याला किती महाग पडली ते ऐका.

एक दिवस ताईला मोठी ऑर्डर मिळाली. शेकडो दुकानांना किराणा पुरवणाऱ्या एका वितरक कंपनीनं तिची बिस्किटं घ्यायचं कबूल केलं. पण अटी अशा, की ताई चार दिवस त्या वाचतच बसली. पॅलेट शेकलेला हवा, फळी तडकलेली चालणार नाही. माल पॅलेटच्या कडेबाहेर बोटभरही जाता कामा नये. उंची ठरलेली. लेबल दोन बाजूंना, ठरलेल्या जागी. गाडी ठरल्या वेळेला दारात हवी. कललेला माल दारातूनच परत. आणि रचण्याबद्दल अट होती की खोक्यावर खोकं अगदी बरोबर बसवायचं, कोपऱ्यावर कोपरा.

ताईनं हे मोठ्यानं वाचलं, तसा गवंडी हसायलाच लागला.

"सांध्यावर सांधा? अगं, असली भिंत शेळीनं अंग घासलं तरी पडेल!"

"भिंत नाही हो ही. खोकी आहेत."

"रचणं ते रचणं. एक वीट दोन विटांवर बसली पाहिजे, तरच काम धरतं. हे कागद लिहिणारे कधी थापीला हात लावतात का?"

"त्यांनी लिहिलंय ना, मग तसंच करायचं," ताई म्हणाली, आणि स्वतः उभी राहून तिनं तसंच रचलं. मग ती लेबलं छापून आणायला बाजारात गेली.

गवंडी माझ्यासमोर उभा राहिला. त्या सरळ उभ्या रांगा त्याला बघवेनात. बायकोची पहिली मोठी ऑर्डर, आणि ती अशी सांध्यावर सांधा रचलेली! त्यानं सगळी खोकी उतरवली आणि पुन्हा रचली, विटांसारखी, एक सांधा दुसऱ्यावर येऊ न देता. मग वरून पारदर्शक फिल्मचे इतके वेढे दिले, की आतलं सगळं धुक्यातल्यासारखं दिसायला लागलं. काम देखणं झालं होतं. मलाही ते फार आवडलं. आपल्या पाठीवर कुणीतरी राजवाडा बांधलाय असं वाटलं. ताई परत आली, घाईघाईत तिनं लेबलं चिकटवली. गवंडी काही बोलला नाही. माल जागेवर पोचला की मग सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं असावं.

आता खोक्याची गंमत ऐका. वीट आतून भरीव असते, खोकं पोकळ. त्याची सगळी ताकद त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असते, मधला पुठ्ठा हा नुसता पडदा. वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या पोटावर आला की पोट दबणारच. विटेला जे बळ देतं, तेच खोक्याला मोडतं. गवंड्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

सकाळी धाकट्यानं मला ट्रॉलीवर घेतलं. मालाला हात लावून तो थांबला.

"भाऊजी, हे जरा कललंय का हो?"

"तुझी मान कललीय. गाडी नीट चालव म्हणजे झालं."

मित्रांनो, त्या दिवशी तो कसा चालवत गेला हे मी सांगतो, कारण बाकी कुणी सांगणार नाही. पोटुशी बाईला दवाखान्यात नेतात, तसा. खड्डा दिसला की थांबून, वाट काढून. मागचे लोक भोंगे वाजवून शिव्या देत होते आणि तो खिडकीतून हात जोडत होता. वेळेच्या आधी आम्ही वितरकाच्या दारात पोचलो. पण माझ्या पाठीवर काय चाललंय ते मला कळत होतं. सगळ्यात खालची खोकी रात्रीपासूनच खचत आली होती.

तपासणीवाल्या बाईनं मालाला एक चक्कर मारली.

"हा कललाय. घेता येणार नाही."

"अहो बाई, जरा बघा ना. सावकाश आणलाय हो."

तिनं खालचं एक खोकं फोडलं. आत बिस्किटं नव्हती, भुगा होता. "बाळा, मला माल दिसतो, रस्ता दिसत नाही," ती म्हणाली. "आणि मालकिणीला सांग, पुढच्या खेपेला असंच झालं तर नाव कापलं जाईल."

बेकरीत परत आल्यावर ताईनं भावाला एक शब्दही पुरता बोलू दिला नाही.

"किती वेळा सांगितलं, हळू चालव, हळू चालव! आयुष्यात एकदा काहीतरी धड होत होतं माझं!"

"ताई, आईशपथ, आज मी..."

"शपथा नकोत. चावी दे."

गवंडी तेव्हा माझ्यावरची फिल्म सोडवत होता. खालच्या खोक्यांशी आल्यावर त्याचा हात थांबला. प्रत्येक खोक्याच्या पोटावर वरच्याच्या कोपऱ्याचा खळगा होता. ज्या माणसानं जन्मभर भिंतींच्या भेगा वाचल्या, त्याला तो खळगा वाचायला कितीसा वेळ लागणार? त्याला सगळं कळलं. मी त्याच्या बोटांखालीच होतो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण तो म्हणाला, "असू दे आता. जेवून घ्या."

धाकट्यानं चावी खिळ्याला अडकवली आणि संध्याकाळच्या आत पिशवी भरून तो निघून गेला. जिना उतरताना त्यानं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी भुगा झाडत होते. एवढा केर नव्हताच तिथे.

पुढच्या खेपेला गवंड्यानं स्वतः माल रचला, कोपऱ्यावर कोपरा, ओळंबा लावून. भाड्यानं आणलेला नवा ड्रायव्हर फोनवर बोलत बोलत गाडी हाकत होता. रस्त्यातला एकही खड्डा त्यानं चुकवला नाही. माझ्या खिळ्यांना घाम फुटला. पण पाठीवरचं एकही खोकं दबलं नाही. तपासणीवाली बाई "असा हवा माल" म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

ताई घरी नाचायचीच बाकी होती. "बघितलंत? ड्रायव्हर बदलला आणि एक कण फुटला नाही! मी म्हणतच होते."

बिस्किटं भाजणारा भट्टीवालाही मान डोलावत म्हणाला, "वेग वाईटच ताई. पोरगा तसा चांगला होता, पण वेग वाईट."

कळलं का तुम्हाला काय झालं ते? गवंड्यानं चूक सुधारली, आणि त्या सुधारलेल्या कामानंच धाकट्यावरचा आरोप पक्का केला. माल जितका नीट पोचला, तितका तो पोरगा जास्त दोषी ठरला. असंच चालतं. दोष ज्याचा असतो त्याच्याकडे जात नाही. ज्याचं नाव आधीच खराब असतं त्याच्या दारात जाऊन बसतो, आणि सगळे म्हणतात, बरोबर घर सापडलं. मला याची चीड येते. लाकडाला चीड येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ते चूक आहे.

आणि माझं कौतुक किती! ताई म्हणाली, "या पॅलेटचा पायगुण चांगला, हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही." मला पाय नाहीत, तीन पट्ट्या आहेत, तरी पायगुण माझा. मला कोरड्या जागी ठेवायचे, फडक्यानं पुसायचे. त्या फडक्याचा स्पर्श मला सोसत नव्हता. दोन्ही खेपा माझ्याच पाठीवरून गेल्या होत्या. खरं काय ते मी अंगानं जाणत होतो आणि पुसून घेत होतो.

गवंड्याचं हसणं गेलं. कुणाला टोमणा मारावा तर समोर साळेबुवा नाहीत. एकदा पॅकिंग करताना तो म्हणाला, "अगं, ऐक ना..."

"काय?"

"सुतळी संपत आलीय."

असं तीनचार वेळा झालं. एकदा फिल्म संपत आली, एकदा टेप. ताई म्हणाली, "अहो, तुम्हाला झालंय काय? सगळंच कसं संपत आलंय तुमचं?"

मग कळलं की धाकटा एका गोदामात हमाली करतो आणि तिथेच पोत्यांवर झोपतो. ताईनं तोंड वाकडं केलं, पण त्याचं पांघरूण घडी करून नवऱ्याच्या हातात दिलं. "देऊन या. मी दिलं म्हणून सांगू नका." गवंडी पांघरूण घेऊन गेला. तिथे काय झालं मला माहीत नाही, मी भिंतीला टेकून उभा होतो. तो परत आला तेव्हा पांघरूण त्याच्या काखेत तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी बेकरीला सुट्टी होती. गवंड्यानं मला खोलीच्या मधोमध आडवं ठेवलं. परत आलेल्या मालाचा भुगा पोत्यांत पडून होता. तो त्यानं नव्या खोक्यांत भरला, पहिल्या खेपेइतक्याच वजनाचा. मग पहिल्यासारखीच भिंत बांधली, तितकीच देखणी, आणि वरून तितकेच फिल्मचे वेढे. सांधा एकही चुकला नाही.

रात्र उलटल्यावर सकाळी त्यानं ताईला दारात उभं केलं. भिंत एका अंगाला झुकली होती, खालच्या खोक्यांची पोटं फुगली होती. ताई बघत असतानाच कोपऱ्यातलं एक खोकं बसलं आणि सगळी रास माझ्या एका कडेवर आली. माझी कडेची फळी काडकन तडकली.

"अहो, हे काय?"

"टेम्पो कुठं आहे?" गवंड्यानं विचारलं.

"शेडमध्ये. का?"

"कालपासून हलला का?"

"नाही."

"मग हे कुणी वेगानं चालवलं?"

ताईनं वाकून एका दबलेल्या खोक्यावरून हात फिरवला.

"त्या दिवशी पण असंच मी रचलं होतं. तू लेबलं आणायला गेलीस तेव्हा. त्यानं हळूच आणलं होतं गं."

ताई आधी खूप बोलली. इतके दिवस तोंड कुठं गेलं होतं, माझ्या भावाला पोत्यांवर झोपवलंत, सगळं बोलली. गवंड्यानं मान वर केली नाही. मग ती खाली भुग्यातच बसली आणि तिनं भावाला फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"ये रे घरी. भाऊजींनी सांगितलं मला सगळं."

तो आधी तिथल्या कुणाला तरी 'आलो' म्हणाला. मग म्हणाला, "ताई, माल चढवतानाच मी म्हटलं होतं, कललाय. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस गं. चावी मागितलीस."

"चुकलं माझं. ये ना."

"येईन कधीतरी जेवायला. गाडी नको आता."

तो येतो, सणासुदीला नाही तर असाच. जेवतो, हसतो, भाऊजींना एखादा टोमणाही मारतो. भाऊजी उलटून मारत नाहीत. वरच्या खोलीत आता रिकामी खोकी ठेवतात.

आणि मी? तडकलेली फळी त्या कंपनीला चालत नाही. एका सकाळी मला उचलून भट्टीमागे टाकलं. माझ्या दोन फळ्या कुणीतरी चुलीसाठी नेल्या. उरलो त्यावर दुपारी गवंडी येऊन बसतो. बिस्किटांची अख्खी रास पेलली मी, पण हा एकटा माणूस जड लागतो.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. वस्तू मोडतात. मला जपलं असतंत तरी कधीतरी मी मोडलोच असतो. मला एवढंच मागायचं आहे. काही फुटलं, सांडलं, बिघडलं, की सगळ्यात बदनाम पोराकडे बोट दाखवण्याआधी त्याला एकदा विचारा, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर सुतळी संपलीय, टेप संपलीय असं काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ नका. त्याच क्षणी बोला, जेवणाच्या आधी.

मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.