सुई ठेव खाली

खाडीकाठच्या करावे गावातल्या दमयंती तांडेलच्या स्वयंपाकघरात दर आठवड्याला काहीतरी बंद होत असे. आधी साखर बंद झाली. मग पांढरं मीठ गेलं आणि त्याच्या जागी गुलाबी खडे आले. ते कालवणात किती टाकायचे हे कुणालाच कळेना. ॲल्युमिनियमची पातेली माळ्यावर गेली. फ्रिजमधलं पाणी विष ठरलं. आणि एका बुधवारी तिच्या नवऱ्यानं, गोवर्धननं, सोफ्यावर बसल्या बसल्या जाहीर केलं, की आजपासून या घरात मासळी शिजणार नाही.

दमयंतीच्या हातात तेव्हा विळी होती आणि पुढ्यात साफ करायला घेतलेले बोंबील. जिच्या आईनं खाडीच्या मासळीवर घर चालवलं, जी स्वतः आजही सकाळी सीवूड्सच्या बाजारात टोपली घेऊन बसते, तिच्या घरात मासळी बंद!

"कोनी सांगितलं?" तिनं विचारलं.

"व्हिडिओ आलाय. मोठ्या डॉक्टरचा हाय."

"त्या मोठ्या डॉक्टरला म्हनावं, इथं येऊन दुधी शिजव," असं म्हणून तिनं बोंबील कापायला घेतले.

हे असं दोन वर्षं चाललं होतं. गोवर्धन तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. सगळा जन्म शिफ्ट ड्युटीत गेला. रिटायर झाला त्या दिवशी हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आला आणि सोफ्यावर बसला, तो बसलाच. मुलानं, दीपेशनं, वडिलांना नवा मोबाइल घेऊन दिला. कंपनीतल्या जुन्या मित्रांनी 'निरोगी मित्र' नावाचा ग्रुप काढला. त्यानंतर गोवर्धनच्या दिवसाला पुन्हा ड्युटी लागली. पहाटे उठून तो उपाय पाठवायचा. मधुमेहाला जांभळाच्या बिया, गुडघ्याला एरंडेल, हृदयाला लसणाचा काढा. ग्रुपवर पाठवून झालं की तेच घरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि मग तेच मोठ्यानं वाचून स्वयंपाकघरात.

दमयंती वैतागून गेली होती. ती भांडून पाहायची, गप्प बसून पाहायची, एकदा तर तिनं चार्जर तांदळाच्या डब्यात लपवला. दीपेश म्हणायचा, आई, तू कशाला टेन्शन घेतेस, त्यांचा टाइमपास आहे. सून रुतिका काहीच म्हणायची नाही. ती मुळातच कमी बोलणारी. दमयंतीला वाटायचं, सगळं जग एकीकडे आणि आपण एकटीच दुसरीकडे. तिला स्वतःला आजारी पडायला तरी सवड कुठे होती? गुडघे ठणकले की मेडिकलवाल्याकडून गोळी आणायची, गिळायची आणि बाजार गाठायचा.

पौष सरला आणि गोवर्धनच्या भाचीचं लग्न आलं. दिवाळे गावात तिची हळद होती. दुपारची वेळ, दारात मांडव, बेंजोवाले वाद्यं जुळवत होते, बायका हळदीची तयारी करत होत्या. गोवर्धन आचाऱ्यापाशी उभा राहून कोणतं तेल कसं घातक असतं ते समजावत होता. आचारी मान डोलावत होता आणि त्याच तेलात वडे सोडत होता.

तेवढ्यात गोवर्धनच्या हातातला पाण्याचा ग्लास खाली पडला.

दमयंतीनं आधी पाहिलंच नाही. ग्लास पडला एवढंच ऐकलं आणि सवयीनं वैतागून वळली. पाहते तो गोवर्धन खुर्चीचा आधार घेऊन उभा. उजवा हात लुळा लोंबतोय. काहीतरी बोलू पाहतोय, पण शब्द चिखलात रुतल्यासारखे. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसत होतं.

लोक जमले. कुणी म्हणालं, ऊन लागलं, लिंबूपाणी द्या. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी तळवे चोळायला बसलं. एक म्हातारी म्हणाली, दृष्ट लागली, मीठमोहऱ्या आणा. दमयंतीला वाटलं, सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवावा. इतके लोक, आणि एकाही माणसाला ठाऊक नव्हतं काय करायचं ते. तिलाही नव्हतं.

मग गर्दीतून गोवर्धनचा पुतण्या सनी आला. त्याच्या हातात शिवणाची सुई होती, मेणबत्तीवर धरून काळी केलेली.

"काकी, बाजूला व्हा. दहाही बोटांना टोचून रक्त काढायचं, मग कानाच्या पाळ्या. हलवायचं बिलकुल नाय. हलवलं की डोक्यातली नस फुटते."

"तुला कोनी सांगितलं?"

"काकांनीच पाठवलं होतं ना ग्रुपवर!"

आणि गोवर्धननं, ज्याला आपलं नावसुद्धा नीट उच्चारता येत नव्हतं, त्यानं आपला चांगला हात सनीपुढे केला. बोटं पसरून. त्याचा विश्वास होता त्या सुईवर. दमयंती ते पाहून गारठली. क्षणभर तिलाही वाटून गेलं, असेलही खरं. कोणी तरी काही तरी करतंय, करू दे.

"सुई ठेव खाली!"

हा आवाज रुतिकाचा होता. दोन वर्षांत दमयंतीनं सुनेचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. रुतिकानं सनीचा हात धरला. "आई, माझ्या पप्पांना असंच झालं होतं. आम्ही तळवे चोळत बसलो, शेजारच्यांनी सांगितलं म्हणून. दुपार गेली त्यात. पप्पा अजून पलंगावर आहेत. इथे एक मिनिटही थांबायचं नाही. गाडी काढा."

दमयंतीनं सुई सनीच्या हातून काढून घेतली आणि मांडवाच्या खांबात खुपसली. मग तिनं कुणाचंच ऐकलं नाही. दीपेशनं आणि सनीनं मिळून गोवर्धनला उचललं. रुतिकानं वाटेतूनच हॉस्पिटलला फोन लावला. बेलापूरच्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत दमयंती नवऱ्याचा लुळा हात मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला त्याच्यावर इतका राग येत होता, की रडूही येत नव्हतं.

दैव बलवत्तर. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता आणि आपोआप मोकळा झाला. हॉस्पिटलात पोहोचल्यावर थोड्याच वेळात गोवर्धनची जीभ वळू लागली, बोटं हलू लागली. तरी तपासण्या झाल्या, त्याला ठेवून घेतलं. तिथले डॉक्टर म्हणाले, ही धोक्याची घंटा होती. पुढच्या वेळी घंटा वाजेलच असं नाही. रक्तदाब भयंकर वाढलेला होता. त्यांनी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना?

दमयंतीनं तोंड उघडलं, रोज मीच चहासोबत देते असं सांगायला. गोवर्धन छताकडे बघत म्हणाला, "गणपतीपासून बंद केल्यात."

रोज ती त्याच्या बशीत गोळी ठेवत होती आणि रोज तो ती खिशात घालत होता. जन्मभर गोळ्या घेतल्या की किडनी सडते, असा एक व्हिडिओ होता म्हणे. दमयंती बाहेर व्हरांड्यात जाऊन बाकावर बसली. तिथे मात्र तिला रडू आलं. रुतिका येऊन शेजारी बसली आणि तिनं पाण्याची बाटली उघडून दिली.

घरी सोडल्यावर ती दोघं डॉक्टर अमिता भोईर यांच्याकडे गेली. सीवूड्सला त्यांचा दवाखाना आहे. अर्धं करावे गाव त्यांच्याकडे जातं, गोवर्धनच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यांनीच सुरू केल्या होत्या. दमयंती वाटेतच ठरवून आली होती, की आज डॉक्टरबाईंनी यांना असं फैलावर घ्यायचं, की पुन्हा मोबाइल हातात धरायची हिंमत होऊ नये.

डॉक्टरबाईंनी कागद वाचले, रक्तदाब मोजला. पण रागावल्या नाहीत. त्यांनी गोवर्धनला विचारलं, दिवसभरात काय काय करता? कोणाशी बोलता? जेवताना शेजारी कोण असतं?

"बॉयलरवर होतो तवा माझ्याबिगर पान हलत नव्हतं," तो म्हणाला. "वाफ वाढली, कमी झाली, पयला फोन मला. आता घरात मी हाय काय, नाय काय. पोरगा कामावर, ही बाजारात. त्या ग्रुपवर निदान कोनीतरी विचारतं, गोवर्धन, पोटाला काय घेऊ? मग मी शोधतो. सांगतो. बरं वाटतं."

दमयंतीच्या ओठांवर आलेला टोमणा तसाच राहिला. पण राग कुठे जाणार? ती म्हणाली, "आनि त्या बरं वाटन्यापायी जीव जात होता त्याचं काय? डॉक्टर, तुमीच सांगा यांना. मी आता थकले."

डॉक्टरबाई तिच्याकडे वळल्या. मघाशी ती खुर्चीत बसताना कण्हली होती, ते त्यांनी ऐकलं होतं. "गुडघ्यांना काय घेता, मावशी?"

"गोळी घेते. एक सकाळी, एक संध्याकाळी."

"कोणी लिहून दिली?"

दमयंती चाचरली. शेजारच्या शेवंताबाईंना गुण आला होता. त्यांनी सांगितलं, मेडिकलवाल्यानं दिली, त्याला वर्ष होऊन गेलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकांना मोबाइलनं सांगितलं म्हणून त्यांनी गोळी सोडली. तुम्हाला शेजारणीनं सांगितलं म्हणून तुम्ही गोळी धरली. दोघांत फरक काय झाला, मावशी? दुखणं मारायच्या गोळ्या अशा वर्षभर पोटात घातल्या, तर काका ज्या किडनीला भीत होते ना, ती खरोखरच बिघडते. रक्त तपासून घेऊ."

गोवर्धन हसला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. गेल्या कित्येक महिन्यांत त्यानं तिच्याकडे असं बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही त्याच्याकडे.

मग डॉक्टरबाई दोघांशी बोलल्या. चालायला जा, वेळेवर झोपा, मीठ कमी करा, तळण कमी खा, हे कुणीही सांगितलं तरी ऐकावं, त्यात नुकसान नाही. मासळी खुशाल खा, कालवणातली. पण गोळी सुरू करणं आणि गोळी थांबवणं हे तपासणाऱ्यानंच ठरवायचं. ते ना मित्रानं ठरवायचं ना शेजारणीनं. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरात कसलाही उपाय करायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. वेळ घालवला की परत मिळत नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "काका, रक्तदाबाची गोळी मी लिहून देते. पण नुसत्या गोळीनं भागणार नाही. माणसाला काम लागतं, बोलायला माणूस लागतं. ते मिळालं नाही की मन आजारी पडतं आणि मग शरीरही त्याच वाटेनं जातं. ते तुम्ही दोघं घरी बघा. आणि तरीही उदास वाटत राहिलं, झोप लागेना, तर मला येऊन सांगा. मनाचेही डॉक्टर असतात, त्यात लाज वाटायचं कारण नाही."

परतताना दोघं चालतच निघाली. वाटेत दमयंतीनं विचारलं, "वाफ वाढली की काय करायचा तुमी?" संसार सुरू झाल्यापासून तिनं हे कधी विचारलंच नव्हतं. पगार विचारला, शिफ्ट विचारली, डब्यात काय देऊ ते विचारलं. गोवर्धन सांगू लागला. गाव आलं तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण ती ऐकत राहिली.

तपासणीत तिच्या किडनीवर थोडा ताण दिसला. वेळीच लक्षात आलं, गोळ्या थांबल्या. गुडघ्यांचे व्यायाम डॉक्टरबाईंनी शिकवले, ते ती कुरकुरत का होईना, करते. गोवर्धन आता सकाळी तिच्याबरोबर बाजारापर्यंत चालत जातो, बर्फ आणून देतो, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. एखादीला उपाय सांगायला लागला की दमयंती नुसतं डोळे वटारते. भांडणं संपली असं नाही. पण पांढऱ्या मिठाचा डबा पुन्हा आपल्या जागी आहे आणि बुधवारी बोंबलांचं कालवण होतं.

एके दिवशी दुपारी त्यानं 'निरोगी मित्र' ग्रुपवर आलेलं काही पुढे न ढकलता स्वतः चार ओळी लिहिल्या. मी गोळ्या बंद केल्या होत्या. मला झटका आला. मी पाठवलेला सुईचा उपाय खोटा होता, त्यानं माझाच जीव गेला असता. माझं ऐकून कोणी औषध सोडलं असेल, तर आजच डॉक्टरकडे जा. लिहायला त्याला पाऊण तास लागला. दमयंती शेजारी बसून होती. पाठवताना त्याचं बोट थांबलं. दोन वर्षं ज्यांनी आपल्याला शहाणं मानलं, ते आता काय म्हणतील? "पाठवा," ती म्हणाली.

ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. संध्याकाळी मात्र फोन वाजला. बॉयलरवरचा त्याचा जोडीदार शहाजी होता, खारघरला राहतो तो. आवाज पडलेला. म्हणाला, तू जांभळाच्या बिया सांगितल्यास तेव्हापासून मी शुगरच्या गोळ्या सोडल्या आहेत. पायाची जखम भरत नाही. घरात कुणाला सांगितलं नाही.

गोवर्धन उठून उभा राहिला. "कुठं जाऊ नको. मी येतो, आपन दोघं जाऊ डॉक्टरकडे." फोन ठेवून तो चपला शोधू लागला. दमयंतीनं पदर खोचला आणि त्याच्याबरोबर निघाली.

वाचकहो, उपाय सांगणारे आपल्या घरोघरी आहेत, आणि बहुतेक जण मायेनंच सांगतात. पण माया म्हणजे औषध नव्हे. आपल्या शरीराचं ऐकावं, तपासून सांगणाऱ्याचं ऐकावं, आणि जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्यांवर उपाय शोधत बसलाय, त्याच्याजवळ जाऊन कधीतरी विचारावं, बाबा, तुला काय होतंय?