नानांनी लावलेले डोळे

नानांच्या चष्म्याच्या काचांवर गेलेल्या माणसांचे चेहरे उमटतात. फाल्गुनातल्या दुपारी सास्तूर गावावर ज्वारीच्या खळ्यांची धूळ तरंगत असते, आणि पडदा ओढलेल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत माउसची टिकटिक तेवढी चालू असते, संथ, अविचल, जपमाळ ओढावी तशी. त्र्याण्णवच्या भूकंपात ज्यांची माणसं गेली आणि माणसांबरोबर फोटोही गेले, त्यांना नाना चेहरे परत देतात. मावशीचं कपाळ, लेकीची हनुवटी, भावाचं नाक, असे संगणकावर एकावर एक लेअर रचून.

त्याच भूकंपात आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवत नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नानांनी मामाच्या आणि माझ्या फोटोंवरून तिला घडवलं, तेव्हा ती तसबीर पोटाशी धरून मी रडले. वर्षभर रोज तिच्याशी बोलले. आणि परवा शेजारच्या सुमनकाकूंकडे, त्यांच्या भूकंपात गेलेल्या सासूच्या तसबिरीतून माझी आईच माझ्याकडे बघत होती. तेच डोळे. उजव्या पापणीचा तोच किंचित जडपणा. त्या क्षणापासून संशयानं मला पोखरलं.

मी तडक स्टुडिओत गेले. "नाना, आईचे डोळे कुणाचे लावलेत?"

नानांनी आईची फाइल उघडली आणि ते एकेक लेअर बंद करत गेले. कुंकू गेलं, पदर गेला, मामाचं कपाळ गेलं, माझे गाल गेले. पांढऱ्या रितेपणात फक्त दोन डोळे उरले.

"माझ्या आक्काचं हायेत," नाना म्हणाले. "ती बी भूकंपात गेली, ढिगाऱ्यात तिचा येकच फोटू घावला व्हता. नाक, कपाळ नातलगात घावतं, पोरी. पर जित्या माणसाचं डोळं लावलं की फोटू खोटा दिसतो. म्हून सगळ्यास्नी आक्काचंच लावतो. काढू का?"

मला भयंकर राग आला होता. पण ते डोळे काढल्यावर माझ्यापाशी काय उरणार होतं?

"राहू द्या," मी म्हणाले.

काळानं आईचा चेहरा नेला, एवढीच इतकी वर्षं खंत होती. आता तो कधी माझ्या आठवणीत होता का, याचाच मला संशय येतो, आणि तरी दिवा लावताना मी त्या परक्या डोळ्यांनाच आई म्हणते.