ताईचं रक्त शून्य

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. संगणकातलं एक यकृत, त्याच्या रक्तवाहिन्या, पित्तनळ्या; सगळं एका बाईच्या स्कॅनवरून बनवलेलं. उष्णतेचं गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंची ती थोरली बहीण. "फुकटात फोटो निघतोय, सोडते की काय!" म्हणत यंत्रात शिरली होती. पुढे अपघातात गेली. स्कॅन राहिला.

यकृतातली गाठ तापत्या सुईने जाळताना आजूबाजूचं रक्त उष्णता वाहून नेतं. किती नेतं, ते धाकटी आधी ताईवर तपासायची. "आज ताईला केवढा चटका?" सहकारी विचारायचे. तीही हसायची.

त्या दुपारी सर्जनचा फोन आला. उद्याच्या रुग्णाची गाठ पित्तनळीला लागून होती आणि यकृताचं रक्त ते चिमटा लावून थांबवणार होते.

"तेवढ्यात नळी भाजेल का, एवढंच सांगा."

म्हणजे रक्तप्रवाह शून्य. धाकटीने शून्य लिहिलं, पुसलं आणि थोडंसं रक्त ठेवलं. उत्तर आलं: नळी वाचते.

शेजारच्या गणितज्ञाला सगळे शंकासुर म्हणत. त्याने पडद्यात डोकावून पाहिलं.

"चिमटा लावल्यावर हे रक्त कुठून आलं, बाई?"

"झिरपतं थोडं."

"सर्जन म्हणाले तसं?"

"नाही."

"मग उद्या टेबलावर झोपणाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुला काय जातंय बोलायला? तुझी बहीण नाहीये त्यात."

तो ओशाळला. "मी लिहू शून्य?"

"हात लावू नकोस तिला."

तिनेच लिहिलं. पडद्यावर सुईभोवतीचा उष्णतेचा लाल डाग फुगत गेला आणि नळी गिळून थांबला. सुई बंद झाली की एरवी तो भराभर विरायचा. आता उष्णता वाहून न्यायला रक्तच नव्हतं; विरेना.

तिने सर्जनना कळवलं. "नळी भाजेल. चिमटा लावणार असाल तर सुई लवकर काढा."

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले.

डाग तसाच होता. ताई गेली असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा धाकटीचा हात तिच्या पोटावर होता. "अजून गरम आहे ती," म्हणत ती भांडली होती. कुणी तिला कारण सांगितलं नव्हतं.

शंकासुराने हळूच विचारलं, "रक्त परत चालू करू?"

"थांब," धाकटी म्हणाली. "पुरती निवू दे तिला."