माझ्या बॉनेटखालचा हात

मी एक जुनी, हिरवी, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोडगोड नाही. मऊ गोष्ट ऐकायची असेल तर बैलगाडीकडे जा. मी मार खातच मोठी झाले.

माझा जन्मच मुळी घणाखाली झाला. दूर विलायतेतल्या एका कारखान्यात पत्र्यावर यंत्राचा दणका बसायचा आणि माझा एकेक अवयव तयार व्हायचा. दणका म्हणजे काय, जमीन हादरायची. मग जहाजातून मुंबईला आले. माझा पहिला मालक शर्यतीचा शौकीन होता. तो मला इतकी पिळायचा की माझं पाणी उकळून रस्त्यावर सांडायचं. एकदा घाटात त्याने मला उलटवलं. माझी काच त्याच्या कपाळात शिरली आणि माझं डावं अंग चेपलं. त्यानंतर कुणी मला प्रेमाने हात लावला नाही. या मालकाकडून त्या मालकाकडे ढकलत ढकलत मी नंदुरबारच्या एका जिनिंगमालकाच्या शेडमध्ये येऊन पडले. माझ्यावर कापसाची पोती रचली. उंदरांनी माझ्या सीटा कुरतडल्या, कोंबड्यांनी माझ्या पोटाखाली अंडी घातली. काय दिवस होते ते.

तिथून मला सोडवलं चुनीलालनी. लोणखेड्याचे केळीवाले शेतकरी, कापूस विकायला आले आणि मला घेऊन गेले. गाव पोट धरून हसलं. जिच्यात केळीचा एक घडसुद्धा धड मावत नाही, ती गाडी शेतकऱ्याला कशाला? चुनीलालनी कुणाला भीक घातली नाही. ते मला स्वतः खोलायचे, स्वतः जोडायचे. एका सीटवर ते आणि दुसऱ्या सीटवर त्यांचे दोन मुलगे, गोपाल आणि धुडकू, एकमेकांत कोंबलेले. शहाद्याच्या बाजारापर्यंत दोघांची कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत आणि हसणं थांबायचं नाही. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं सुख तेवढंच.

चुनीलाल गेले तेव्हा सांगून गेले, गाडी दोघांची. झालं, तिथेच ठिणगी पडली. थोरल्या गोपालला मी ठेवायची होती. धाकट्या धुडकूला वाटायचं, सुरतेचं गिऱ्हाईक मागतंय तर देऊन टाकावी. दोघांच्या दोन चुली झाल्या, पण अंगण एकच राहिलं, आणि अंगणात मध्यभागी मी. मित्रांनो, दोन भावांच्या मध्ये उभं राहणं फार वाईट. येता जाता दोघांचं दातओठ खाणं मला ऐकू यायचं.

गेल्या खंडेनवमीला गोपालने मला सकाळीच उघडलं. जुनं तेल काढलं, नवं ओतलं. मग इंजिनावरचं झाकण काढून आतल्या झडपांमधलं अंतर बापाने शिकवलं होतं तसं, पातळ पट्ट्या सारून नीट केलं. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात त्याची आई, जसोदाबाई, पूजेचं ताट घेऊन आल्या. त्या दिवशी आमच्याकडे विळ्याकोयत्यापासून पंपाच्या इंजिनापर्यंत सगळ्यांची पूजा होते. मी उघडीच होते. त्यांनी माझ्या उघड्या इंजिनालाच हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं आणि आत गेल्या. गोपालला घाई. त्याने फडक्याने फूल, तांदूळ सगळं निपटून काढलं, झाकण बसवलं, वरचे दोन नट आवळले आणि हात धुतले.

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटायला निघायचं म्हणून त्याने मला चालू केलं. आणि माझ्या छातीत सुरू झालं, टक टक टक टक. मीही दचकले. इतकी वर्षं धडधडले, पण असं कुणी आतून ठोकत नव्हतं.

गोपालने पंखा पाहिला, पट्टा पाहिला, सायलेन्सर हलवून पाहिला. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून दुसरं टोक माझ्या अंगावर टेकवत फिरला. मी ओरडून सांगत होते, अरे वर बघ, वर. आम्हा गाड्यांना टकटकीशिवाय दुसरी भाषा नाही, आणि त्या टकटकीनेच त्याचं डोकं फिरत चाललं होतं. त्याने हातोडीने माझ्या पोटावर दणके घातले. मग एक माझ्या दिव्यावर घातला. काच अंगणभर झाली.

आवाज ऐकून धुडकू बाहेर आला. त्याने थोडा वेळ कान दिला.

"भाऊ, आवाज वरतून ई ऱ्हायना. झाकण उघाडी दख."

"वर मन्हा हात लागेल शे. वर काहीच नही," गोपाल म्हणाला. "बेअरिंग गयं. खालतून शे आवाज."

"दख तर खरं एकदाव."

"काय दखू? तूच करं हाई. तुले गाडी इकनी शे, म्हनीसन तू तेलमा रेती टाकी."

धुडकूचा चेहरा पांढरा पडला. "इकानं बोलनू ते खरं शे," तो म्हणाला. "पन बापनी गाडीमा मी रेती टाकसू?"

त्याने किल्ली फिरवून मला बंद केलं, खाली पडलेला पाना उचलला आणि झाकणाच्या नटावर लावला. तो पुढे वाकला होता. डावा हात मनगटापर्यंत माझ्या आत होता. गोपाल म्हणाला, "हात काढ." धुडकूने काढला नाही. तेव्हा गोपालने माझ्या बॉनेटचा टेकू उडवला आणि दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून, बॉनेट खाली आपटलं.

मित्रांनो, ते बॉनेट माझं होतं. माझाच पत्रा, माझीच धार. कापसाची वाळकी पळाटी मोडावी तसं काहीतरी माझ्या कडेखाली मोडलं. धुडकू किंचाळला, आणि गोपालने त्याच आंधळ्या रागात वरून आणखी एकदा दाबलं. माझ्या हिरव्या रंगावरून रक्त ओघळून जाळीवर ठिबकत राहिलं. मला किळस आली, माझी आणि गोपालचीही.

शेजारच्या अजीजमियाँनी धुडकूला मोटरसायकलवर मागे बसवून शहाद्याला नेलं. गोपाल ओट्यावर बसला.

मग धुडकूची बायको मोहिनी आली. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी, त्याच्याशी कधी थेट न बोललेली बाई. आज पदर कमरेला खोचलेला होता. तिने रक्ताचा तोच पाना उचलला.

"काय टाकेल शे मन्हा मानूसनी, ते मी दखाडस."

दोन नट. फिरव फिरव फिरवून तिने ते सोडले आणि झाकण उचललं. आत गोपालच्या फडक्यातून निसटलेली, तेलाने काळी पडलेली एक सुपारी होती. झडपांच्या दणक्यांनी तिच्या कडा तुटल्या होत्या, आणि एका खाचेत कुंकू अजून लाल होतं. मोहिनीने ती तळहातावर घेऊन गोपालसमोर धरली.

जसोदाबाई दारात आल्या. सुपारी पाहिली आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"मन्ही शे ती. पूजानी," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाऊस्ना नावनी एकच ठेयेल व्हती. बापनी गाडीवरथून भांडण नको व्हवाले, म्हनीसन."

गोपाल उठला, माझ्यापर्यंत आला आणि माझ्या बॉनेटवर स्वतःचं डोकं आपटू लागला. जसोदाबाईंनी त्याला मागे ओढेपर्यंत आपटत राहिला.

त्यालाही आता बरेच महिने झाले. धुडकूचं प्लास्टर निघालं. मला विकायची गोष्ट दोघांपैकी कुणी काढत नाही. गोपाल धुडकूला म्हणतो, "तू चालाड," आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसतो, जिथे लहानपणी दोघं मावायचे. माझं इंजिन आता लोण्यासारखं चालतं. पण धुडकूने गिअर टाकायला मनगट वळवलं की हाड वाजतं, टक. प्रत्येक गिअरला टक. पहिल्या दिवशी गोपालने विचारलं, "दुखस का?"

"नही," धुडकू म्हणाला. "फक्त आवाज करस."

तेव्हापासून दर वेळी टक झालं की गोपालची मान खाली जाते, आणि मला ते दोघांच्या मधून दिसत राहतं. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. मशीन वाजायला लागलं की आधी तिथे बघा जिथे तुमचा स्वतःचा हात लागला आहे. माझ्यातला आवाज दोन नट सोडल्यावर निघून गेला. धुडकूच्या मनगटाला नट नाहीत.