पहिली मात्रा

दरड तशी मोठी नव्हती, पण आंबेनळी घाटात जीप अडकवायला पुरेशी होती. वाईचं लग्न उरकून महाडला परतायचं होतं. शुभदाताई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. संध्याकाळी सातला इंग्लंडहून मुलाचा, आमोदचा फोन यायचा होता.

ड्रायव्हर सोमा पुढे जाऊन बघून आला. "पोलादपुरातनं मशीन निघालंय, काकू. पण टायम लागंल."

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. शेजारी त्यांचे यजमान बाळराव स्वस्थ बसले होते. त्यांना कसली घाई? रविवारी फोनची वेळ झाली की त्यांना नेमकी चवदार तळ्याकडे फिरायला जायची आठवण व्हायची. मुलाने चांगली नोकरी सोडली आणि तिकडच्या जमैकन मंडळींबरोबर गिटार वाजवू लागला, तेव्हापासून बापलेकांत शब्द नव्हता. आमोद मात्र दर वेळी विचारायचा, "बाबा आहेत?" मागच्या रविवारी म्हणाला, "आई, आता एकदाच विचारीन. मग नाही विचारणार."

तो एकदा आज होता.

ताईंनी पर्समधून कॅसेट काढली. आमोदच्या चमूचा पहिला अल्बम. बाळराव घरात नसताना त्यांनी तो स्वयंपाकघरात किती वेळा ऐकला होता! या प्रकाराला डब म्हणतात, असं आमोदने फोनवर सांगितलं होतं. जमैकन रेगेचं गाणं करायचं, मग गाणाऱ्यालाच काढून टाकायचं, एकेक वाद्य वगळायचं आणि उरेल ते घुमवायचं. या मंडळींनी तर मुळात गाणंच केलं नव्हतं. खर्जातली गिटार, ढोल, आणि मध्येच हंड्यात पाणी ओतल्याचा आवाज, लांब जाऊन परत येणारा. पहिल्यांदा ऐकताना ताईंना वाटलं होतं, दिवे चालू ठेवून घरातली माणसं कुठे निघून गेली आहेत. दुसऱ्यांदा ऐकताना भात लागला.

"सोमा, ही लाव रे."

बाळरावांनी कॅसेटचं कव्हर ओळखलं. "अगं, इथे कशाला?"

"इथून फिरायला कुठे जाणार?" ताई म्हणाल्या.

जीपच्या पत्र्याला खर्जाची थरथर बसली. बऱ्याच वेळाने सोमा न राहवून म्हणाला, "मगाधरनं वाट बघतोय. गाणारा काय येत नाय."

"येणारही नाही," बाळराव म्हणाले. "यांना गाणारा मिळाला नसेल."

पण त्यांचा उजवा हात मांडीवर चालू झालेला ताईंनी पाहिला. मुलांना गणित आणि हौसेने तबला शिकवण्यात जन्म गेलेला. तो हात कुठल्याही ठेक्याला गप्प बसत नसे. तो चारपर्यंत मोजायचा, पुन्हा एकवर यायचा आणि अडखळायचा. प्रत्येक वेळी तिथेच.

"याला समच नाही!" ते चिडून म्हणाले. "एकवर कुणीच नाही. ढोल तिसऱ्या मात्रेला येतो, आणि तुझा लेक दुसरीला. माणसानं दाद द्यायची तरी कुठे?"

लग्नानंतर पंचवीसएक वर्षं ताई त्यांच्या तबल्याला पेटीवर लेहऱ्याची तीच ती धून धरून बसल्या होत्या.

"रूपक तालात समेला कुठे टाळी असते हो?"

"रूपकाची गोष्ट वेगळी. तिथे समेला खाली दाखवतो आपण. हात रिकामा असतो, पण हात असतो ना?"

"मग दाखवा की."

समोर मशीन घरघरत माती ढकलत होतं. मग एकवर बाळरावांनी तळवा वर करून हवेत सोडला. दोनला गिटार उतरली, तीनला ढोल. पुन्हा तळवा. पुन्हा. मध्येच सगळं थांबलं, नुसतं पाणी घुमत राहिलं, तरी हात थांबला नाही. आणि गिटार परत आली ती नेमकी त्या रिकाम्या तळव्याच्या मागोमाग.

"हात्तिच्या!" बाळरावांच्या तोंडून निघालं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा कॅसेट संपली होती. "उलटी कर रे," बाळराव सोमाला म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पोलादपूर मागे पडलं. ताई मनातल्या मनात जीप पुढे ढकलत होत्या. घरापाशी उतरल्या तेव्हा आत फोन वाजत होता. किल्ली कुलपात जाईना. "द्या इकडे," बाळराव म्हणाले. दार उघडून ते चिखलाच्या चपलांनीच आत गेले. ताई उंबऱ्यातच थबकल्या.

बाळरावांनी रिसीव्हर उचलला. कसा आहेस नाही, काही नाही.

"पहिल्या मात्रेला तू कुठे असतोस रे?"

बाळराव उत्तराची वाट बघत उभे होते, मोकळ्या हाताचा तळवा वर धरून.