दुखलं तर एक गोळी

तेलंगणात, आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याच्या चौकात, हायवेच्या कडेला, अमृतरावचं किराणा दुकान सकाळी साडेसहाला उघडतं. शटर वर जातं, उंबऱ्यावर पाण्याचा शिंतोडा पडतो, तराजूला उदबत्ती दाखवली जाते आणि मग सगळं घर बोहनीची वाट बघत राहतं. दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराला जुन्या फुलाफुलांच्या लुगड्याचा पडदा आहे. त्या पडद्यामागं, पाटावर, अमृतरावची आई राहीबाई बसलेली असते.

तीही बोहनीचीच वाट बघत असते. पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं की तिला बाहेर यायची परवानगी आहे. त्याआधी नाही.

दोन वर्षांपूर्वी असं नव्हतं. राहीबाईचे यजमान यशवंतराव माल आणायला आदिलाबादला जायचे आणि गल्ल्यावर राहीबाई बसायची. अशी तीस वर्षं गेली. खेड्यातून येणाऱ्या गोंड बायांशी ती गोंडीत बोलायची, बस कंडक्टरांशी तेलुगूत, लॉरीवाल्यांशी हिंदीत, आणि मराठी धरून चारही भाषांत तिच्या जिभेला सारखीच धार होती. "राहीबाईच्या दुकानात मीठ घ्याले गेलं तं तिखट फुकट भेटते," असं लोक म्हणायचे. मग एका दुपारी यशवंतराव पोतं उतरवता उतरवता छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर राहीबाई पहाटे उठून सवयीनं गल्ल्यावर जाऊन बसली. अमृतराव बराच वेळ पोत्यांची तोंडं बांधत राहिला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "माय, तू बोहनी झाल्यावर बसत जाय ना. लोकं बोलते."

"कोणते लोकं?"

"आता लोकं म्हंजे लोकं."

राहीबाई उठली. कपाळ पांढरं झालेल्या बाईचं तोंड पहिल्या गिऱ्हाइकाला दिसू नये, हा रिवाज तिला काही नवा नव्हता. तिनं स्वतःही तो पाळला होता. शेजारच्या वाडीतली देवकाबाई, भाजी पिकवून विकणारी, बारा वर्षांपूर्वी विधवा झाली तेव्हापासून सकाळी दुकानासमोरच्या निंबाखाली टोपली घेऊन उभी राहते. दुसऱ्या कुणाची बोहनी झाली की मगच चहापत्ती घ्यायला येते. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि "ये वं, तूच कर बोहनी," असंही कुणी म्हटलं नव्हतं. गल्ल्यावरून राहीबाईनं दहा वर्षं ते पाहिलं होतं. आता पडद्याच्या फटीतून तिला निंबाखालची देवका दिसायची आणि काळजात काहीतरी रुतायचं.

अमृतराव वाईट माणूस नाही. वाईट माणसाची गोष्ट लिहायला सोपी असते आणि वाचायलाही. हा आईला वेळेवर जेवायला घालणारा, तिच्या पायाला तेल आणून देणारा मुलगा आहे. सून रेणुका शिव्या देत नाही, टाकून बोलत नाही. सुरुवातीला बोहनी झाली की ती पडदा बाजूला करून म्हणायची, "या आता, आत्याबाई." मग कामाच्या गडबडीत कधी विसरायची. मग गल्ल्यावर अमृतरावलाच बसायची सवय झाली आणि बोलावणं बंद पडलं. नात नेहा होती तोवर बरं होतं, आजी-नात एकाच खोलीत निजायच्या. नेहा इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, शिकायला उटनूरच्या हॉस्टेलवर गेली, तेव्हापासून राहीबाईशी दिवसभरात बोलणारं माणूस उरलं नाही. "जेवली काय?" हे बोलणं नव्हे.

अशात तिची दाढ ठणकायला लागली. वरची, उजवीकडची. गालाला फडकं बांधून ती दोन रात्री विव्हळली, तेव्हा अमृतरावनं दुकान रेणुकावर सोपवून तिला आदिलाबादला नेलं.

दातांचे डॉक्टर कुलदीप तेलुगू बोलणारे, तरुण, हलक्या हाताचे. त्यांना मराठीची चार वाक्यं येत होती आणि त्यांचा त्यांना अभिमान होता. आ करा. थुंका. दुखलं तर एक गोळी घ्या. सोमवारी या. महाराष्ट्राच्या सरहद्दीकडच्या मराठी पेशंटना ती चार वाक्यं ऐकून फार बरं वाटायचं.

डॉक्टरांनी दाढ पाहिली आणि हिंदीत सांगितलं, की एक तर काढावी लागेल, नाहीतर आतली नस साफ करावी लागेल, त्याला तीन खेपा.

"काढाची नाई, साब," अमृतराव घाईनं म्हणाला. "वरची दाढ काढली तं नजर जाते. आमच्या मोठ्या काकाची गेली."

काकांना मोतीबिंदू होता, हे अमृतरावला ठाऊक होतं. पण अशा वेळी माणसाला तेवढंच आठवत नाही.

"और तीन बार कौन लाएगा, साब? दुकान रहता है. दुखनं थांबाची गोळी द्या ना. चांगली कडक."

डॉक्टरांना त्याच वेळी नाही म्हणता आलं असतं. ती कडक गोळी अफूच्या कुळातली. दाढेचं दुखणं बहुतेकदा साध्या गोळीनं भागतं आणि खरा उपाय दाढेतच करावा लागतो, हे ते शिकून आले होते. पण बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. नाही म्हणायला वेळ लागतो, लिहायला लागत नाही. त्यांनी पाच दिवसांची गोळी लिहिली आणि राहीबाईकडं वळून गोड हसून आपलं तिसरं वाक्य म्हटलं, "दुखलं तर एक गोळी घ्या, आजी."

राहीबाईनं मान हलवली. शिकलेल्या माणसाचा शब्द होता, तो तिनं पदराला गाठ मारून घरी आणला.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात दाढ निवली. आणि तिच्याबरोबर आणखी काहीतरी निवलं, ज्याचं नाव राहीबाईला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरचा आवाज झाला, पडद्यापलीकडं बोलणी सुरू झाली, पण त्या सकाळी ती तिला लांबून, कापसाच्या गंजीआडून आल्यासारखी ऐकू आली. कुणी बोलावलं नाही, तरी काही वाटलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

पाच दिवस संपले. डॉक्टरांनी सांगितलेला सोमवारही येऊन गेला. अमृतरावनं डॉक्टरांना फोन लावला, "दुखते म्हणते, साब," आणि डॉक्टरांनी मोबाईलवर कागद पाठवून दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग तर औषधाच्या दुकानात जुना कागद दाखवला तरी चालू लागलं. अमृतरावच्या मालाच्या यादीत तेल, साबण, चहापत्ती यांच्याखाली एक ओळ कायमची झाली, मायची गोळी.

घरातही सगळ्यांना बरं वाटत होतं, हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. म्हातारी चिडचिड करत नव्हती, मध्येच गल्ल्याकडं येत नव्हती, जुन्या गोष्टी काढत नव्हती. रेणुका शेजारणीला म्हणाली, "आत्याबाई आता कशा शांत झाल्या. गोळी मोठी गुणाची हाय."

आठ महिन्यांनी दसऱ्याच्या सुट्टीत नेहा घरी आली. दरवेळी ती उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच आजी विचारायची, "हॉस्टेलात भाकर देतेत का नुसता भातच कोंबतेत?" या वेळी आजीनं तिच्याकडं पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा डोळे मिटले. दोन दिवसांनी न्हाणीत राहीबाईचा तोल गेला. कपाळाला खोक पडली. नेहानं तिला उचलून खाटेवर घेतलं आणि जखमेला बांधायला फडकं शोधताना ट्रंकेतला चहाचा डबा कलंडून उघडला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं गच्च भरलेली होती. पाकिटाच्या पाठीवर लाल पट्टीत इंग्रजीत सूचना होती, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं. तिनं ती वाचली, मग बापाला हाक मारली.

"बाबा, आजीची दाढ आठ महिने दुखून राह्यली अन् तुमी तिले परत दाखवलं नाई?"

"अवं, डाक्टर देतेतच ना गोळी."

"डाक्टरनं तोंड कवा पाह्यलं होतं?"

अमृतराव गाडी सांगायला गेला.

दवाखान्यात डॉक्टर कुलदीपनी राहीबाईच्या दाढेवर हत्याराच्या दांड्यानं टकटक केलं. थंड पाणी सोडलं. "नोप्पी?" म्हणजे दुखतं का, असं तेलुगूत विचारलं. राहीबाईनं मान हलवली, नाही. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दाढेचा एक्स-रे काढला, तो बराच वेळ पाहिला आणि हिंदीत म्हणाले, की ही दाढ मेलेली आहे. आतली नस मरून कित्येक महिने झाले. मुळाशी पू धरलाय, काढावीच लागेल; पण आज ती दुखत नाही, आणि आधीपासूनच दुखत नसणार.

"मग गोळ्या?" अमृतराव आईकडं वळला. "माय, तू तं रोज घेते! कवा दोन, कवा तीन!"

राहीबाईला राग आला. आठ महिन्यांत तिला राग आलेला घरात कुणी पाहिला नव्हता.

"तुमीच सांगलं ना, डाक्टर? दुखलं तं घ्या. मी बिनदुखल्याची एक गोळी घेतली नाई. देवाशपथ."

डॉक्टरांना तेवढं मराठी कळलं. त्यांच्याच वाक्याचं ते उत्तर होतं, पुढचंही तिच्याच भाषेत विचारावं असं त्यांना वाटलं, पण त्यासाठी त्यांच्याकडं मराठी शब्द नव्हता. त्यांनी नेहाला हळूच विचारलं, मराठीत 'कहाँ'ला काय म्हणतात?

"कुठी."

डॉक्टर खुर्चीसमोर उकिडवे बसले. "आजी," ते म्हणाले, "कुठी दुखते?"

राहीबाई विचारात पडली. हा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. मुलानं नाही, सुनेनं नाही, औषधवाल्यानं नाही. तिनं गालाला हात लावला, मग काढून घेतला. छातीवर ठेवला, तिथूनही काढला.

"पडद्यामागं," ती म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी नेहाकडं पाहिलं. नेहानं बापाकडं पाहिलं. अमृतरावनं खाली मान घातली.

"सकाळी," राहीबाई आपली सांगत होती, कुणाला दोष न देता, पेशंट सांगतो तसं. "शटर वरतं जाते ना, तवापासून सुरू होते. कोणी बलावलं तं थांबते. नाई बलावलं तं मंग घेते एक."

अमृतराव उठून बाहेर गेला. खिडकीतून तो पाठमोरा दिसत होता. उपरण्यानं तोंड पुसत होता. डॉक्टर कुलदीप नेहाला म्हणाले, "गलती मेरी है. मैंने मुँह नहीं देखा, फोन देखा." गोळी एकदम बंद करायची नाही, अंगाला तिची सवय झाली आहे; मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची, आणि ते स्वतः बरोबर येतील, असं त्यांनी सांगितलं. ते खरोखरच आले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दाढ काढली. ती कडक गोळी आता ते तोंड पाहिल्याशिवाय कुणालाच लिहीत नाहीत, आणि त्यांना मराठीची पाच वाक्यं येतात.

पण घरातला पडदा डॉक्टर काढू शकत नव्हते. अमृतरावचं मन द्रवलं होतं, पण पडद्याकडं हात जात नव्हता. "दिवाळीचा शिजन होऊ दे, नेहा," तो म्हणाला. "मंग बसू दे तिले सकाळपासून."

"मंग दिवाळीपर्यंत तिले गोळी तुमीच चारा," नेहा म्हणाली. "मी नाई देणार."

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी शटर वर जायच्या आधी नेहानं पडद्याची दोरी सोडली, लुगड्याची घडी केली आणि आजीचा हात धरून तिला गल्ल्यावर आणून बसवलं. अमृतराव उदबत्ती हातात घेऊन उभा राहिला. त्याला पडदा पुन्हा बांधता आला असता. त्यानं शटर वर केलं.

त्या दिवसाची अर्धी गोळी राहीबाईच्या कमरेच्या बटव्यात होती आणि ती घ्यावी असं तिला फार वाटत होतं. तिनं समोर पाहिलं. दाढ गेली तरी नजर शाबूत होती. निंबाखाली, टोपली पायाशी ठेवून, देवकाबाई उभी होती.

"ये वं, देवका!"

"होऊ दे कोणाची बोहनी," तिकडून उत्तर आलं. "हाय मी इथंच."

"तूच कर."

देवकाबाई जागची हलली नाही. तिनं अमृतरावकडं पाहिलं. अमृतरावनं उदबत्ती तराजूला ओवाळली, डब्याला खोचली आणि तो गल्ल्यापासून बाजूला सरकला. "या, काकू," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण रस्त्यापलीकडं पोचला.

देवकाबाई बारा वर्षांत पहिल्यांदा जळत्या उदबत्तीच्या वासात त्या उंबऱ्याशी आली. पावशेर साखर आणि चहापत्तीची पुडी. राहीबाईनं साखर जोखली, पारडं बराच वेळ हलत राहिलं. पैसे घेतले, कपाळाला लावले. दोघींच्याही कपाळावर कुंकू नव्हतं.

त्या दिवशी धंदा कसा झाला, हे मला विचारू नका. तो प्रश्न ज्याच्या मनात पहिल्यांदा आला, त्यानं आपल्या घरात कुठं पडदा आहे ते जाऊन बघावं, आणि त्याच्यामागं जी बसली असेल तिला विचारावं, कुठं दुखतं.