दुपारचा कंदील

माझ्या लेकीचं, मनकर्णेचं, लग्न झालं ते साल एकोणीसशे शहाण्णव. मांडव उतरून आठ दिवस झाले, आणि शिरूर कासारच्या शिवारात मी आणि माझा धाकटा भाऊ सटवा पुन्हा आमच्या विहिरीच्या कामाला लागलो. सात परस, म्हणजे चाळीसेक फूट, खाली गेलो तरी तळ कोरडाच होता.

सटवाचा मुलगा शिवशंकर औरंगाबादला भूगर्भाचं शिक्षण घेत होता. लग्नाला आला तो राहिला. खडकाच्या छिद्रांत पाणी आणि हवा एकमेकांना कशी ढकलतात, याचं गणित तो तिथल्या कॉम्प्युटरवर मांडायचा. विहिरीलगतच्या आमच्या टेकडीच्याही त्याने त्या गणितात चौकटी पाडल्या होत्या. कुठल्या चौकटीत पाणी किती, हवा किती, शेजारच्या चौकटीत किती सरकली, हे यंत्र तासातासाने काढायचं.

तो मला म्हणाला, "तात्या, आभाळ दाटलं की वरचा दाब कमी होतो. मग खडकात कोंडलेली हवा हिरीत उतरती. त्या हवेत माणूस जगत न्हाई."

सटवा हसला. "तुझ्या डबड्याला उतरव बे हिरीत. मग मानतो."

"ते कावून उतरंल? दादा, तुमीच उतरू नका," तो बापाला म्हणाला.

आमची रीत अशी, की सकाळी पेटता कंदील दोरीने तळाशी सोडायचा. तो जळत राहिला तर उतरायचं. त्या दिवशी पुन्हा सोडायचा नाही. दुसऱ्यांदा सोडणं म्हणजे विहिरीतल्या आसरांवर, पाण्यातल्या देवतांवर, संशय घेणं. आमच्या बापाने हेच शिकवलं होतं.

त्या दिवशी सकाळी कंदील नीट जळला. अकरापर्यंत काम करून वर आलो, भाकरी खाल्ली. दोनच्या सुमारास आभाळ काळं झालं, वारा पडला. पाऊस आला तर पहारी गाळात जातील म्हणून सटवा उठला.

शिवशंकर कंदील पेटवून घेऊन आला. "एकदा सोडू द्या."

सटवाने माझ्याकडे पाहिलं. थोरला मी होतो.

"सकाळी सोडलाय," मी म्हणालो.

"तात्या, सकाळची हवा आता तिथं न्हाई."

"लई शिकलास," म्हणालो आणि काच वर करून कंदील फुंकला.

सटवा दगड-माती वर ओढायच्या यारीच्या दोराने उतरला. एक पहार त्याने उचललेली मी वरून पाहिली. दुसरीसाठी वाकला तो तसाच आडवा झाला. शिवशंकर दोराकडे धावला. मी त्याला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. तो माझ्या हाताला कडकडून चावला. मी सोडलं नाही.

शेजारच्या शेतातली माणसं आली. गळ टाकून सटवाला वर काढलं.

पंचनाम्याला जमादाराने विचारलं, कंदील का सोडला नाही? शिवशंकर खाली बघत म्हणाला, "त्यात तेल नव्हतं."

तेल होतं. विझवला मी.

माझा भाऊ सटवा एकोणतीस मे एकोणीसशे शहाण्णव, बुधवारी, दुपारी अडीचच्या सुमारास वारला. तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता.